मागचं डावं चाक

टॅमसिन पेनहॅलची गाडी शेवटी अंगणातून निघाली, आणि ती निघाली तेव्हा जॅरड नॉस्की तिच्या शेजारच्या सीटवर बसलेला होता.

पण तसं काही झालंच नाही, असं तूर्त धरून चालू. कारण ज्या सकाळी ही गोष्ट सुरू होते, त्या सकाळी ‘ही गाडी एक दिवस इथून निघेल’ असं कुणी म्हणालं असतं, तर पोर्ट कार्विनच्या लोकांनी त्याला सावलीत बसवून गार पाणी पाजलं असतं. गाडीला चाकं नव्हती. समोरची काच नव्हती. इंजिन होतं, पण ते स्वयंपाकघरात होतं. उरलेली गाडी घरापुढच्या अंगणात चार ओंडक्यांवर उभी होती आणि मागच्या सीटच्या जागी शेजारच्या मिसेस ट्रेवेनाचं मांजर राहत होतं.

तक्रार मांजरामुळेच आली होती. अंगणात बेवारस वाहन पडून असल्यामुळे आपलं मांजर घरी येईनासं झालंय, असं मिसेस ट्रेवेनाने कौन्सिलला कळवलं होतं.

कौन्सिलमध्ये अशा तक्रारी जॅरडकडे येत. भुंकणारी कुत्री, गुडघ्याच्या वर गेलेलं वाळकं गवत आणि अंगणात पडून राहिलेल्या गाड्या, अशी तीन खाती तो एकटा सांभाळायचा. खाकी अर्धी चड्डी, छातीवर बिल्ला, उन्हाने भाजलेली मान. वयाची सत्ताविशी आली तरी कुणाला दम द्यायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. माणसांच्या हे लक्षात येत नसे. कुत्र्यांच्या येई.

तो फाटकातून आत आला तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत दवाखान्यातले पांढरे रबरी बूट.

“माफ करा... मी कौन्सिलकडून आलोय.”

“बरं झालं,” गाडीखालून आवाज आला. “तो अर्ध्या इंचाचा पाना दे.”

“कुठला?”

“ज्याच्यावर अर्धा लिहिलंय तो.”

जॅरडने पाना दिला. कायद्याचे हात लांब असतात म्हणतात. त्या दिवशी ते गाडीखाली कोपरापर्यंत पोचले आणि तिथेच रमले.

थोड्या वेळाने ती घसरत बाहेर आली. कपाळाला दाताच्या डॉक्टरचा दिवा बांधलेला होता आणि त्याचा झोत थेट जॅरडच्या तोंडावर पडला. जॅरडने नकळत आ केला.

ती क्षणभर बघत राहिली... अगदी मन लावून.

“वरची उजवी दाढ,” ती म्हणाली. “दाखवून घे कुणाला तरी. मिट आता.”

जॅरडने तोंड मिटलं. लोक पहिल्या भेटीत डोळ्यांत बघतात, फार तर ओठांकडे बघतात. हिने थेट दाढेपर्यंत मजल मारली होती. आता या मुलीपासून लपवण्यासारखं आपल्याजवळ काही उरलं नाही, असं त्याला वाटून गेलं, आणि गंमत म्हणजे हलकं वाटलं.

टॅमसिन गावातल्या दाताच्या दवाखान्यात नर्स होती. नाकावर ग्रीसचा पट्टा, केसांत गंजाचा भुगा, आणि डोळे असे की ‘आता जराही दुखणार नाही’ असं म्हणाली तर माणूस विश्वास ठेवेल. पुढे दुखलं तरी ठेवेल.

“ही... ही गाडी आहे ना?” जॅरडने सरकारी चौकशीला सुरुवात केली.

“‘चार्जर’ म्हणतात या गाडीला. बहात्तर सालची.” ती फडक्याला हात पुसत म्हणाली. “लांबून बघ. तिकडे, फाटकापाशी जा.”

तो गेला. आणि तिथून त्याला ते दिसलं. गंजलेलं होतं, रंग उडालेला होता, पण छत समोरच्या काचेच्या जागेपासून सुरू होऊन मागच्या टोकापर्यंत एका दमात उतरलं होतं, धक्क्यावरून समुद्रात सूर मारणाऱ्या पोराच्या पाठीसारखं. उभी होती ओंडक्यांवर, पण बघणाऱ्यालाच वाटे की आपण मागे पडतोय.

“दिसलं?” तिने विचारलं.

“दिसलं,” जॅरड म्हणाला. तो गाडीबद्दल बोलत होता का, हे त्याने नंतरही कधी नीट स्पष्ट केलं नाही.

ही गाडी तिला गव्हाच्या पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याच्या पडवीत मिळाली होती. तिथे तिच्यात कोंबड्या राहत. शेतकऱ्याला पैसे नको होते. विस्थापित कोंबड्यांचं योग्य पुनर्वसन व्हावं एवढीच त्याची अट होती. टॅमसिनने त्यांना दोन मजली खुराडं बांधून दिलं, जिन्यासकट. कोंबड्या नव्या घरी गेल्या, पण जाताना पिसं मागे ठेवून गेल्या. गाडीच्या कुठल्याही फटीत बोट घाला, पीस निघायचं.

“तर मॅडम,” जॅरड कान लाल करून म्हणाला, “नियमाप्रमाणे ही गाडी महिनाअखेर स्वतःच्या चाकांवर बाहेर गेली पाहिजे. नाहीतर कौन्सिल उचलून नेईल.”

“उचलता येईल का तुला?”

“मी एकटा नाही उचलणार...”

“मग तोवर हे उचल.” तिने त्याच्या हातात गाडीचं दार दिलं.

नियमात आणखी एक गोष्ट होती. कामात प्रगती दिसत असेल तर मुदत वाढवून देता येत असे. प्रगती बघायला दर शनिवारी कुणी यावं, असं नियमात कुठे नव्हतं. पण ओघाने आलंच.

*

तिच्याकडे पैसे बेताचे होते आणि डोकं भरपूर. दाराखालचा कुजलेला पत्रा कापून तिने तिथे जुन्या वॉशिंग मशीनची बाजू बसवली, आणि बसवल्यावर कुठे गाडी संपते आणि कुठे धुणं सुरू होतं ते देवालाही सांगता आलं नसतं. इंजिनाच्या मागे नजर पोचत नसे तिथे ती दाताचा आरसा घाली. आट्यांमधली घाण दात कोरायच्या आकड्याने काढी. दवाखान्याने पेशंटची जुनी खुर्ची टाकून दिली, तेव्हा तिचं हिरवं रेक्झिन घरी आणून पुढच्या दोन्ही सीटांना शिवलं. शिवण इतकी सरळ की बघत राहावं. दोष एकच: त्या सीटवर बसलं की आ करावासा वाटे.

जॅरडला यातलं काही येत नव्हतं. पण त्याला बघत उभं राहता येत होतं, आणि ते तो मनापासून करी.

“नुसता उभा राहणार आहेस, कौन्सिल?” ती म्हणायची. त्याचं नाव तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण ती त्याला कौन्सिलच म्हणे.

“मी प्रगती बघतोय.”

“मग हाताने बघ. डोळ्यांना पत्रा नेहमी सपाटच दिसतो. डोळे फसतात.”

तिने त्याचा हात धरला, उताणा केला, परत पालथा केला आणि तळवा दारावर टेकवला. “मिट डोळे. आता हळू... मागे ने. दाबू नकोस रे, नुसता जाऊ दे.”

त्याने डोळे मिटले. तिचा हात त्याच्या हातावर होता, खरखरीत, पॉलिश पेपरने सालटं गेलेला, उबदार. पत्रा थंड होता. मध्येच एका जागी, नखभर जागी, तळवा जरासा बुडाल्यासारखा झाला.

“इथे...” तो म्हणाला.

“इथेच!” ती इतकी खूश झाली की पालीने शेपूट टाकावं तसा तिने त्याचा हात टाकला आणि पुट्टीचा डबा आणायला पळाली. जॅरड डोळे मिटूनच उभा राहिला. कुंपणापलीकडून मिसेस ट्रेवेना बराच वेळ बघत होती.

“पोरा,” ती शेवटी म्हणाली, “ती आत गेली.”

“हो. कळलं मला.”

“कळलं असतं तर डोळे उघडले असतेस.”

मिसेस ट्रेवेना एव्हाना तक्रार विसरली होती. उलट दर शनिवारी ती तांबूस भाजलेल्या, बटाटा-मांस भरलेल्या तीन पेस्ट्या घेऊन येई. तिचे आजोबा तांब्याच्या खाणीत उतरताना हेच न्यायचे, असं सांगून ती तिसरी पेस्टी स्वतःच खाई.

पोर्ट कार्विनला पाऊस पडत नाही. म्हणजे पडतो, पण माणसं त्याला नावाने ओळखत नाहीत. आणि तो पडायचा होता नेमका त्याच शनिवारी, ज्या दिवशी टॅमसिनने गाडीचा सगळा जुना रंग खरवडून पत्रा उघडा केला होता आणि प्रायमर अजून लागला नव्हता.

जॅरड धक्क्यावर एका कुत्र्याला समज देत होता. आखातावर ढग उतरलेले त्याला दिसले. त्याने कुत्र्याचा निरोपही घेतला नाही. तो पोचला तेव्हा टॅमसिन एकटीच ताडपत्रीशी झगडत होती. वारा एक टोक तिच्या हातात देई आणि दुसरं मिसेस ट्रेवेनाच्या छपरावर.

“कोपरा धर! तो नाही, तो... अरे तो!”

“कुठला तो?”

“जो उडतोय तो!”

सगळेच उडत होते. शेवटी दोघं ताडपत्रीसकट गाडीत शिरले आणि आतून टोकं ओढून धरली. सीटा अजून बसल्या नव्हत्या. बसायला दुधाच्या बाटल्यांचे दोन प्लास्टिकचे खोके होते. वर पाऊस असा वाजत होता की कुणी मूठमूठ गहू फेकतंय. निळ्या उजेडात तिचे ओले केस कपाळाला चिकटले होते. दोघांचे दोन्ही हात वर, ताडपत्रीला. बोलायला वेळच वेळ, आणि हलायची सोय नाही.

“एक थेंब जरी लागला असता ना,” ती म्हणाली, “उद्या सगळी गंजून लाल झाली असती. महिनाभराचं काम.”

“नाही लागला.”

“तू आलास म्हणून...” ती थांबली. “तुझ्या कुत्र्याचं काय झालं?”

“त्याला सोडून आलो. त्याचं म्हणणं बरोबर होतं.”

ती हसली. हसताना हात खाली आला, ताडपत्री सैल झाली, आणि साठलेलं पाणी बादलीभर येऊन जॅरडच्या मांडीवर पडलं. पत्र्यावर थेंबही नाही. जॅरडला आयुष्यात प्रथमच आपला योग्य जागी उपयोग झाल्यासारखं वाटलं.

*

रंग झाला. गडद केशरी, आणि इतका नितळ की मांजर त्यात स्वतःला बघून घाबरलं आणि कायमचं घरी गेलं. इंजिन स्वयंपाकघरातून जागेवर आलं. तीन झटक्यांत सुरू झालं, आणि त्या आवाजाने मिसेस ट्रेवेनाच्या कपाटातल्या कपबशा एकमेकींशी बोलू लागल्या. समोरची काच बसली, चाकं लागली. गाडी आता निघू शकत होती. फक्त थांबू शकत नव्हती.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची राहिली होती. नळीत एक बुडबुडा जरी राहिला तरी पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबायच्या ऐवजी विचार करत बसते. एवढ्या सगळ्या गाडीत हे एकच काम असं होतं, जे टॅमसिनला एकटीला येत नव्हतं. त्याला माणसं दोनच लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी स्क्रू ढिला करून हवा बाहेर सोडायची आणि पुन्हा आवळायचा. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, मागच्या डाव्यापासून.

“मी ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही,” तिने बजावलं. “मध्येच उचललास तर सगळी हवा परत आत. घराला आग लागली तरी धरून ठेवायचं.”

“कुणाच्या घराला?”

“कौन्सिल, दाब.”

“दाबलं.”

तिने स्क्रू ढिला केला. दवाखान्यातल्या पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे जॅमच्या बाटलीत उतरू लागले. पेडल त्याच्या पायाखाली हळूहळू खाली गेलं.

“धर.”

“धरलंय.”

“सोड.”

“सोडलं.”

असं बराच वेळ चाललं. दाब, दाबलं. धर, धरलंय. जॅरडला वाटलं, माणसांनी एरवी उगाच इतके शब्द वापरले.

“एकदा ही झाली की सुटले मी,” गाडीखालून ती म्हणाली. “ऑल्बनीला नोकरी मिळालीय. पुढच्या शनिवारपासूनची लांब सुट्टी संपली की मंगळवारी हजर व्हायचंय, नाहीतर जागा दुसरीला देणार आहेत. आणि जायचं ते हिच्यातूनच. मधलं सगळं ओसाड मैदान ओलांडून... जॅरड!”

बाटलीने मोठ्याने गटांगळी खाल्ली. जॅरडने खाली पाहिलं. त्याचा पाय हवेत होता.

“सॉरी... तू पहिल्यांदा नावाने हाक मारलीस.”

“ती पाय उचलल्यावर मारली!”

पुन्हा पहिल्यापासून. दाब, दाबलं. ऑल्बनी म्हणजे मैदानाच्या पलीकडे, खंडाच्या दुसऱ्या टोकाला. जॅरड पेडल धरून हिशेब लावत होता. इतके दिवस तो या गाडीची एकेक गोष्ट जागेवर बसताना बघून खूश होत होता, आणि गाडी मात्र त्याच्याच डोळ्यांदेखत एकेक गोष्टीने गावातून चालली होती.

“खरं सांगू का,” खालून आवाज आला, जरा हळू, “तू दर शनिवारी आला नसतास ना, तर मी कधीच सोडून दिलं असतं हे सगळं.”

गटांगळी.

“कौन्सिल!!”

“हे... हे आनंदाने झालं.”

ती हसली, तेल पुसलं, पुन्हा खाली गेली. आणि तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही. जवळजवळ झालंच होतं. नळीत आता एकही बुडबुडा नव्हता, नुसतं स्वच्छ पिवळं तेल. “धर,” ती म्हणाली. “धरलंय,” जॅरड म्हणाला. आता स्क्रू आवळला जाईल. मग उरलेली तीन चाकं. मग मैदान.

त्याने पाय उचलला.

टॅमसिन बाहेर आली. या वेळी कपाळावरचा दिवा तिने विझवला होता.

“पहिल्यांदा घाबरलास,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा हुरळलास. आत्ता मी काय बोलले होते?”

जॅरडने आपल्याच पायाकडे पाहिलं.

“ब्रेक आहेत हे. याच्यावर माझा जीव असणार आहे, एकटीचा, हजारो मैल. आणि तू...” तिने वाक्य पुरं केलं नाही. हातातला पाना पेटीत ठेवला, नीट, त्याच्या खाचेत. तो फेकला असता तर जॅरडला बरं वाटलं असतं.

*

पुढच्या आठवड्यात मिसेस ट्रेवेना कुत्र्याची तक्रार करायला म्हणून कौन्सिलात आली. कुत्रा तिच्याकडेही नव्हता आणि शेजारच्या घरीही नव्हता.

“पोरा, तुझी जागा भरली,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“झाडूचा दांडा. एक टोक पेडलवर, एक टोक सीटला टेकवलंय. कालपासून आहे.”

“कसा आहे?” जॅरडने विचारलं.

“सरळ आहे. शांत आहे. पाय उचलत नाही.”

जॅरडला झाडूच्या दांड्याचा मत्सर वाटला. आजवर त्याने मत्सर असा कुणाचा केला नव्हता. सुरुवात दांड्यापासून होईल असं वाटलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे दांडा प्रत्येक बाबतीत त्याच्यापेक्षा सरस होता, हे त्याला मान्य होतं.

आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी कौन्सिलच्या काउंटरसमोर टॅमसिन येऊन उभी राहिली. दवाखान्याच्या कपड्यांत, हाताला तेलाचा वास.

“तक्रार आहे,” ती म्हणाली.

“कुणाबद्दल?”

“दांड्याबद्दल.” ती काउंटरकडे बघत होती. “धरतो छान. पण ‘सोड’ म्हटलं की ऐकू येत नाही त्याला. दरवेळी मी खालून निघायचं, आत जायचं, काढायचा, परत लावायचा... दोन दिवस झाले, पेडल अजून मऊच आहे. उद्या निघाले नाही तर मंगळवारी पोचत नाही.”

जॅरडचे कान पेटले. “टॅम, तिसऱ्या वेळी मी मुद्दाम—”

“माहितीय.”

“का ते विचार ना.”

“विचारीन. गाडीखाली असताना.” आणि मग, दारात वळून, “दाढ दाखवलीस का?”

“नाही.”

“बघ. दांड्याला दाढही नाही.”

संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा जॅरड हिरव्या सीटवर बसला होता. शेजारी काढून ठेवलेला दांडा. गाडी इतकी सुंदर दिसत होती की त्याला ती आवडू नये म्हणून त्याने प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही. वॉशिंग मशीनची ती बाजू, आरशाने बघून बसवलेला तो एकेक नट, आणि त्याच्या तळव्याला सापडलेली ती नखभर जागा, आता कुणालाच सापडणार नाही अशी भरलेली... ज्या हातांनी हे केलं त्यांना निघायचं असेल तर नळीत हवा ठेवून अडवणारे आपण कोण?

“दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलंय.”

पाना वाजला नाही. स्क्रू उघडाच होता.

“आता विचारते,” गाडीखालून ती म्हणाली. “का सोडलास?”

“तू गेली असतीस म्हणून.”

“गेले असते. मग?”

“मग...” पेडल पायाखाली गच्च होतं. “मग शनिवार आला असता. आणि मला कुठे जायचं ते कळलं नसतं. पण ते चूक होतं, टॅम. तू जा. मी धरतो. मंगळवारपर्यंत धरतो.”

जॅरडची मांडी थरथरू लागली.

“कौन्सिल,” ती म्हणाली, “ऑल्बनीतही कुत्री भुंकतात.”

पाय हलला नाही.

“गवतही वाढतं तिथे. इथल्यापेक्षा जास्त. पाऊस पडतो ना.”

मांडी आता शिवणयंत्रासारखी चालली होती. पाय हलला नाही.

“मी फोन करून विचारलं. त्यांना असा एक माणूस हवाय. अंगणातल्या गाड्या बघायला. त्याला मुदत वाढवून देता आली पाहिजे, बाकी काही नाही आलं तरी चालेल... येशील माझ्याबरोबर?”

जॅरडच्या कपाळावरून घाम नाकावर आला, नाकावरून हिरव्या रेक्झिनवर पडला. त्याला ओरडायचं होतं, दार उघडून बाहेर उडी मारायची होती, कुंपणापलीकडच्या म्हातारीला मिठी मारायची होती. पाय हलला नाही.

पाना करकरला. स्क्रू आवळला गेला.

“सोड.”

“नक्की?”

“सोड म्हणतेय ना!”

“आधी सांगतो. येईन.”

“अरे सोड मेल्या, नळी फुटेल!”

त्याने पाय सोडला, दार उघडलं, आणि पायात गोळा आल्यामुळे तो प्रियकराने उतरावं तसा न उतरता पोत्यासारखा तिच्यापुढे पडला. ती गुडघ्यांवर बसली. तिच्या हातांवर तेल होतं. ब्रेकचं तेल लागलं की रंग उतरतो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. म्हणून तिने आधी स्वच्छ फडकं घेतलं, एकेक बोट पुसलं, अगदी नीट, नव्या रंगाला हात लावायच्या आधी पुसायची तसं... आणि मग त्याचा चेहरा हातात घेतला.

कुंपणापलीकडे मिसेस ट्रेवेनाने तिन्ही पेस्ट्या एकटीने खाल्ल्या. कुणालातरी खायला हव्याच होत्या.

उरलेली तीन चाकं अर्ध्या तासात झाली. पेडल दगडासारखं.

*

तर सुरुवातीला जे झालंच नाही म्हणून आपण बाजूला ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. नवी नंबर प्लेट लावून चार्जर फाटकातून निघाली. या जातीची गाडी दिसली की इथे माणसं दोन बोटं वर करतात, जुनी पद्धत आहे. गल्लीत सगळ्यांनी केली. मिसेस ट्रेवेनाने घाईत पंजा उलटा धरून केली, ज्याचा अर्थ इथे चक्क शिवी होतो. पण तिचे डोळे भरलेले होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. कोपऱ्यावर टॅमसिनने ब्रेक दाबून पाहिला. गाडी विचार न करता थांबली.

मैदानावर रस्ता सरळ आहे. पश्चिमेकडे जाताना दीडशे किलोमीटरमध्ये एकही वळण नाही. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट गार होती, टॅमसिनने हीटरचा पंखा सुरू केला, आणि इतके महिने कुठे दडून बसली होती कोण जाणे, कोंबड्यांची पिसं भसाभस बाहेर आली. पांढरी, तांबडी, केसांवर, पापण्यांवर, हिरव्या सीटांवर. तिला हसू आवरेना. एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने ती त्याच्या कानावरचं पीस काढायला गेली आणि हात तिथेच राहिला. वळण नव्हतंच, त्यामुळे घाईही नव्हती.

जॅरडने रस्त्याकडे पाहिलं. दूर, अगदी दूर, तो संपत असावा.

“थांब, एक अर्ज करायचाय,” तो म्हणाला. त्याने खिशातून कौन्सिलचं पेन काढलं, ते परत द्यायचं राहून गेलं होतं, आणि पेस्टीच्या रिकाम्या पिशवीवर लिहायला घेतलं. ती मोठ्याने वाचत होती, रस्ता न बघता:

प्रति, माननीय रस्ते विभाग. विषय: सरळ रस्ता वाढवून मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर मैदानावरील रस्ता प्रत्यक्ष वापराच्या दृष्टीने अपुरा असल्याचे अर्जदारांच्या निदर्शनास आले आहे. तरी तो पश्चिमेच्या बाजूस आणखी किमान तीनशे किलोमीटर, कोणतेही वळण न देता, अर्जदार तेथे पोहोचण्यापूर्वी वाढवून मिळावा, ही नम्र विनंती. कामात प्रगती दिसत असल्यास अर्जदार मुदत वाढवून देण्यास तयार आहेत. सोबत: कोंबडीचे पीस, एक.